कोटणिसांच्या नावावरची सुई

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी ॲक्युपंक्चर भारतात आणले, हे वाक्य गेल्या पंधरा-वीस वर्षांत मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की त्याची शहानिशा करावी असे कधी मनातही आले नव्हते. आरोग्य शिबिराचे सूत्रसंचालक ते म्हणतात, ज्येष्ठ नागरिक संघातल्या व्याख्यानात ते येते, आणि नेरूळच्या ज्या दवाखान्यात मी कंबरदुखीसाठी दहा-बारा वेळा सुया टोचून घेतल्या तिथे तर ते भिंतीवरच होते. त्या भिंतीवर तीन चौकटी होत्या. एकीत शरीरावरच्या बिंदूंचा रंगीत तक्ता, ‘पाच हजार वर्षांची प्राचीन चिनी विद्या’ असे शीर्षक असलेला. दुसरीत जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने छापलेली, ॲक्युपंक्चरने बऱ्या होणाऱ्या आजारांची यादी. तिसरीत गणवेशातले तरुण डॉ. कोटणीस. अंगात सुया घेऊन वीस मिनिटे कुशीवर पडून राहिलेल्या माणसाला समोरची भिंत वाचण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आले की या तिन्ही चौकटी एकमेकींना धरून उभ्या आहेत. तक्ता विद्येचे वय सांगतो, यादी तिचे सामर्थ्य सांगते आणि कोटणीस तिचे चारित्र्य सांगतात. मग एकेक चौकट तपासून पाहावी असे वाटले. कंबरेचे काय झाले ते पुढे सांगेन.

कोटणिसांपासून सुरुवात करू, कारण तो आपल्या घरचा माणूस. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्म, मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले आणि आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे (आपल्या जुन्या लिखाणातले चू तेह) यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. निधी जमला, पाच डॉक्टर निवडले गेले: पथकप्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी व डॉ. बिजॉय कुमार बसू. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबई बंदरातून निघाले. १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचले. मुखर्जी आणि चोळकर त्याच वर्षी परतले, अटल पुढच्या वर्षी. उरले बसू आणि कोटणीस. बसू येनानमध्ये काम करत राहिले. कोटणीस आघाडीच्या मुलखात राहिले आणि जानेवारी १९४१ मध्ये तिथल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. कुओ चिंगलान या परिचर्येच्या शिक्षिकेशी त्यांनी लग्न केले. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस.

या चार वर्षांत त्यांनी काय केले याच्या नोंदी चांगल्या आहेत. शस्त्रक्रिया केल्या, अनेकदा रात्रंदिवस. विद्यार्थ्यांना शिकवले, त्यासाठी चिनी भाषा शिकले, शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकाचे काम हाती घेतले होते. ते शल्यविशारद होते. त्यांच्या हातात चाकू, टाके आणि जखम धुण्याचे पाणी होते. या सगळ्यात ॲक्युपंक्चरची सुई कुठेही नाही, आणि ती असण्याचे कारणही नव्हते, हे पुढच्या तारखा पाहिल्या की कळते.

ॲक्युपंक्चर त्या क्रांतिकारी रुग्णालयांत शिरले ते कोटणीस गेल्यानंतर. १९४४ च्या अखेरीस येनानमध्ये पाश्चात्त्य पद्धतीचे डॉक्टर आणि जुने वैद्य यांनी एकत्र काम करावे अशी हाक माओंनी दिली. तिथल्या रेन झुओत्येन नावाच्या एका वयस्क वैद्याने आपली सुयांची विद्या शिकवायची तयारी दाखवली. शिकायला पुढे आलेल्यांत झू लियन नावाची आधुनिक वैद्यक शिकलेली डॉक्टर होती. एप्रिल १९४५ मध्ये तिने येनानच्या रुग्णालयात ॲक्युपंक्चरचा विभाग उघडला. त्या रुग्णालयाचे नाव बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय! म्हणजे नाव तेच, पण कोटणीस ज्याचे संचालक होते ते हे नव्हे. आणि कोटणिसांना जाऊन तेव्हा अडीच वर्षे झाली होती. सगळा घोळ या नामसाम्यातून झाला असे मी म्हणत नाही. मराठीत हे वाक्य लिहिणाऱ्यांपैकी कुणी इतक्या खोलात गेला असेल असे वाटत नाही. पण गंमत अशी की बसूदेखील १९४३ मध्येच भारतात परतले होते. युद्धकाळात चीनला गेलेल्या पाचांपैकी एकाही भारतीयाने तिथे असताना ही विद्या शिकलेली नाही.

झू लियनने १९५१ मध्ये ‘नवे ॲक्युपंक्चर’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. नेहरूंना पत्र लिहिणाऱ्या त्याच झू दे यांचे चार शब्द त्या पुस्तकाच्या आरंभी आहेत. पुस्तकाच्या नावातला ‘नवे’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. यिन-यांग आणि पंचतत्त्वांच्या भाषेला बाजूला सारून सुईचा परिणाम मज्जासंस्थेला मिळणाऱ्या उद्दीपनातून होतो, अशी मांडणी तिने केली. तेव्हाच्या सोव्हिएत शरीरशास्त्राचा, पावलोवचा, तो प्रभाव होता. ती बरोबर होती की चूक हा वेगळा प्रश्न. पण ज्या बाईने सुई रुग्णालयात आणली तिने ती ‘प्राचीन’ म्हणून आणली नव्हती. नाकेबंदीत औषधे मिळत नव्हती, सुई स्वस्त होती, खेड्यातला माणूस तिला ओळखत होता, आणि नव्या शास्त्राच्या भाषेत तिचा अर्थ लावता येईल अशी तिला आशा होती.

भारतात ही विद्या आणली ती बसूंनी, आणि तीही पंधरा वर्षांनंतर. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये कलकत्त्याला परतून त्यांनी त्याचे उपचार सुरू केले. लगेच १९६२ चे युद्ध आले. त्या वातावरणात चिनी सुई घेऊन बसलेल्या माणसाचे काय झाले असेल याची कल्पना करावी. तरी ते बसून राहिले. पुढे सत्तरच्या दशकात डॉ. कोटणीस स्मृती समितीच्या कामाला त्यांनी ॲक्युपंक्चरची जोड दिली. बंगालात, पंजाबात समितीच्या विचाराने दवाखाने निघाले, लुधियानाचे रुग्णालय तर कोटणिसांच्याच नावाने उभे आहे. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी कायदा केला, त्यामागे बसूंनी घडवलेली पिढी होती. बसू स्वतः १९८६ मध्ये गेले.

तेव्हा कोटणिसांचे नाव या सुईला चिकटले ते कुणी चोरून चिकटवले नाही. ते बसूंनीच दिले. परत न आलेल्या मित्राचे नाव त्यांनी आपल्या कामाला दिले आणि काही वर्षांत ते काम मित्राच्याच खाती जमा झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ मधल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘आणि एक जण परतला नाही’ असा आहे. त्यावर शांतारामबापूंनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. पटकथेत अब्बास यांच्यासोबत आपले व. प. साठे होते, कोटणिसांची भूमिका स्वतः शांतारामबापूंनी केली, कुओ चिंगलान जयश्रीबाईंनी. त्या चित्रपटातला नायक भयंकर साथीवर उपाय शोधून काढतो. तो उपाय पटकथेचा आहे, चरित्राचा नाही. हुतात्म्याच्या हातात काहीतरी अलौकिक द्यावे, नुसते टाके घालणे आणि पू काढणे पुरेसे नाही, ही आपली गरज तेव्हापासूनची आहे. चित्रपटाने त्यांना साथीवरचा उपाय दिला, पुढच्या पिढीने सुई दिली. परत न आलेल्याला आपण लक्षात ठेवतो. परत आलेला मात्र म्हातारा होतो, समित्या चालवतो, अर्ज लिहितो, त्याच्यावर चित्रपट कुठून निघणार? मराठी लेखनात बसूंचे नाव पथकाच्या यादीत पाचवे येते आणि तिथेच संपते. माझी तक्रार आहे ती इथे. नाव बदलल्याने इतिहास थोडा चुकला एवढेच होत नाही. हुतात्म्याच्या नावाने आलेल्या गोष्टीला प्रश्न विचारणे अशिष्ट वाटू लागते. त्या नावाच्या आडोशाने भिंतीवरच्या बाकीच्या दोन चौकटी निवांत राहतात.

आता तक्ता. पाच हजार वर्षे हा आकडा कुठून आला ते सांगणे कठीण नाही; पीतसम्राट हुआंगदी हा पुराणपुरुष तितका जुना मानला जातो आणि ‘हुआंगदी नेइजिंग’ हा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. पण ग्रंथ संकलित झाला तो इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एक-दोन शतकांत. व्यासांच्या नावावर काय काय आहे हे माहीत असलेल्या आपल्या वाचकाला यात नवल वाटू नये. १९७३ मध्ये मावांगदुई इथल्या, इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यातून रेशमावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ बाहेर आले. त्यांत शरीरातल्या अकरा वाहिन्यांचे वर्णन आहे, त्यांच्यावर शेक आणि डाग देण्याचे उपचार आहेत. सुया टोचण्याचा उल्लेख नाही. म्हणजे वाहिन्यांची कल्पना आधी आली, सुई नंतर. (डाग देण्यासाठी वापरतात तो मोक्सा ज्या वनस्पतीपासून करतात, ती आपल्या दवण्याची बहीण. चैत्रात जोतिबाला वाहिलेल्या दवण्याचा वास ज्यांच्या नाकात आहे त्यांना मोक्साचा धूर फारसा परका वाटणार नाही. आणि बिब्ब्याचा डाग आठवणारे वाचकही अजून असतील.)

‘नेइजिंग’मध्ये नऊ प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत, त्यांतल्या काही गळू फोडण्याच्या आणि रक्त काढण्याच्या आहेत. आजची केसासारखी बारीक सुई डोळ्यांसमोर ठेवून तो ग्रंथ वाचला तर अर्धा कळतच नाही. त्यात बिंदूंची संख्या ३६५ सांगितली आहे, वर्षाच्या दिवसांइतकी; वाहिन्या चीनमधल्या बारा नद्यांशी जुळवल्या आहेत. शरीर हे राज्य आणि राज्य हे शरीर, अशा सुंदर उपमेची ती रचना आहे. आज प्रमाण मानलेले बिंदू ३६१ आहेत. पुढच्या काळात या विद्येचे दिवस नेहमीच चांगले नव्हते. १८२२ मध्ये सम्राट दाओगुआंगच्या आज्ञेने राजवैद्यकीय संस्थेतून सुया आणि डाग यांचा विभाग काढून टाकला गेला. १९२९ मध्ये तर कुओमिंतांग सरकारपुढे सगळे देशी वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव होता, वैद्यांनी मोर्चे काढून तो हाणून पाडला. १९३० च्या दशकात चंग दानआन या वैद्याने बिंदूंच्या जागा आधुनिक शरीररचनेच्या आधारे नव्याने आखल्या, रक्तवाहिन्या टाळून, आणि बारीक सुईचा पुरस्कार केला. नेरूळच्या भिंतीवरचा तक्ता त्या कामाचा नातू आहे. त्याचे वय शंभराच्या आत. ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ हे इंग्रजी नावही १९५० च्या दशकातले, परदेशी वाचकांसाठी केलेल्या प्रकाशनांतून रूढ झालेले. चिनी लोक आपसात नुसते ‘चिनी वैद्यक’ म्हणतात. स्वतः माओ त्याचा प्रचार करत, पण आपण ती औषधे घेत नाही असे ते म्हणाल्याचे त्यांच्या डॉक्टरांनी आठवणींत नोंदवले आहे.

मराठीत या विषयावर जे लिहिले जाते त्यातला मला सर्वांत अडचणीचा भाग भाषेचा वाटतो. ‘ची’ हा शब्द घ्या. त्याच्या जुन्या चिनी अक्षरात वाफेचे चिन्ह आहे आणि त्याखाली तांदळाचे. म्हणजे शिजत्या भाताच्या भांड्यावरची वाफ डोळ्यांपुढे आणावी. हवा, श्वास, वाफ, चैतन्य, हवामान, माणसाचा स्वभाव असे कितीतरी अर्थ त्यात आहेत. जॉर्ज सुलिए द मोराँ नावाच्या, चीनमध्ये राहिलेल्या फ्रेंच मुत्सद्द्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ॲक्युपंक्चर युरोपात नेले तेव्हा ‘ची’साठी ‘एनर्जी’ हा शब्द घेतला आणि वाहिन्यांसाठी भूगोलातला ‘मेरिडियन’, म्हणजे रेखावृत्त. रक्त-श्वास वाहून नेणाऱ्या वाहिन्या होत्या. त्यांच्या जागी पृथ्वीच्या गोलावर काढतात तशा काल्पनिक रेषा आल्या. फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले, इंग्रजीतून आपल्याकडे ‘ऊर्जा’ आणि ‘ऊर्जावाहिनी’ झाले. मग कुणीतरी ‘ऊर्जा म्हणजेच आपला प्राण’ असे लिहिले आणि वर्तुळ पूर्ण झाले: चिनी शब्द फ्रान्समार्गे उपनिषदात पोहोचला! मीही या साखळीतलाच एक आहे, चिनी मला येत नाही, इंग्रजीवरच अवलंबून आहे. पण साखळी आहे एवढे तरी मराठी लेखकाने वाचकाला सांगायला नको का?

पंचतत्त्वांचे तसेच. चिनी पाच म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. आपली पंचमहाभूते पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. तीन जुळतात म्हणून पाचही जुळवायची, धातूला वायू आणि लाकडाला आकाश करायचे, असा प्रकार मी छापील पुस्तकांत पाहिला आहे. मुळात चिनी शब्दाचा अर्थ ‘तत्त्व’ असाही नाही. त्यात चालणे, गती हा भाव आहे. लाकडातून अग्नी, अग्नीतून राख म्हणजे माती, असे ते एकातून दुसऱ्यात जाणारे टप्पे आहेत. महाभूते हे जग कशाचे बनले याचे उत्तर आहे, आणि चिनी पाच हे जग कसे बदलत जाते याचे. दोन थोर संस्कृतींचे दोन वेगवेगळे प्रश्न आपण एका तक्त्यात कोंबले.

याच चालीने ‘ॲक्युपंक्चर मूळचे आपलेच’ हा दावा येतो आणि पुरावा म्हणून सुश्रुताची १०७ मर्मे पुढे केली जातात. सुश्रुतसंहिता उघडून पाहिली तर मर्म म्हणजे जिथे घाव लागला असता मृत्यू, पंगुत्व किंवा तीव्र वेदना येते अशी जागा. शल्यकर्म करताना ती वाचवायची असते. सुई कुठे टोचावी याची ती यादी नाही, कुठे शस्त्र लागू देऊ नये याची आहे. सुश्रुताकडे अभिमानाने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. शेजाऱ्याची पाटी त्याच्या दारावर लावायची गरज नाही.

आपल्या घराघरांत मात्र सुईपेक्षा जास्त शिरला तो तळहात-तळपायाचा तक्ता. ‘ॲक्युप्रेशर’ या नावाने लाकडी रोलर, काटेरी चपला, दिनदर्शिकेच्या मागे छापलेला तळवा आणि त्यावर ‘यकृत’, ‘मूत्रपिंड’, ‘स्वादुपिंड’ अशी नावे. हाही ‘प्राचीन चिनी’ म्हणूनच विकला जातो. पण तळव्यावर अवयवांचा नकाशा काढण्याची पद्धत अमेरिकन आहे. विल्यम फिट्झगेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने शरीराचे उभे पट्टे पाडून ‘झोन थेरपी’ मांडली, तिचे पुस्तक १९१७ चे. युनिस इंगम या बाईंनी १९३० च्या दशकात ती तळपायावर आणली. कानावर उलट्या बाळाचा नकाशा काढला तो पॉल नोजिए या फ्रान्समधल्या डॉक्टरने, १९५० च्या दशकात. हातावर सगळे शरीर पाहणारे सु-जोक हे कोरियन, त्याहूनही अलीकडचे. वाशीच्या बाजारात हे चारही तक्ते एकाच चिकट कागदावर मिळतात, वर ड्रॅगन छापलेला असतो.

हे नुसते हसण्यावारी न्यावे असे मलाही वाटले असते. आमच्या सोसायटीतले एक काका, जुने मधुमेही, रोज सकाळी तळहातावरचा ‘स्वादुपिंडाचा बिंदू’ दोन-दोन मिनिटे दाबत असत. आधी गोळ्या आणि बिंदू दोन्ही चालले, मग ‘गोळ्यांचे दुष्परिणाम’ नकोत म्हणून बिंदूच उरला. काटेरी चपलेने तळव्याला झालेली जखम त्यांना कळली नाही, कारण मधुमेहाने पायाची संवेदना आधीच गेली होती. अंगठा काढावा लागला. त्यांना कुणी फसवले म्हणावे असा एक माणूस नव्हता. तीन देशांतले चार तक्ते होते आणि त्यांना एकच वय, एकच अधिकार देणारे एक वाक्य होते.

राहिली यादी. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने जी यादी दवाखान्यांत लागते तिचे मूळ १९७९ मध्ये पेकिंगला झालेल्या परिसंवादात आहे. चाळीसहून अधिक आजार त्यात होते, सर्दीपासून पक्षाघातानंतरच्या अशक्तपणापर्यंत. पण ही यादी डॉक्टरांच्या अनुभवावर आधारलेली आहे, नियंत्रित चाचण्यांवर आधारलेली असेलच असे नाही, असा खुलासा तेव्हाच केलेला होता. भिंतीवर येताना तो खुलासा गळतो. १९७१ मध्ये जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराचे पेकिंगमध्ये आन्त्रपुच्छाचे ऑपरेशन झाले, त्याचीही कथा अशीच. ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनाखाली झाले. पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले तेव्हा नंतर सुया टोचल्या. त्याने लिहिलेही तसेच. आपल्याकडे आजही ‘नुसत्या सुयांवर अमेरिकन पत्रकाराचे पोट फाडले’ असे सांगितले जाते.

मग सुईने होते तरी काय? माझ्या मते सर्वांत बोलका प्रयोग जर्मनीतला आहे, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला. जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले. एकाला पारंपरिक बिंदूंवर सुया. दुसऱ्याला बिंदू नसलेल्या जागी, वरवर टोचलेल्या सुया, म्हणजे लुटुपुटीचे ॲक्युपंक्चर. तिसऱ्याला औषधे, व्यायाम, फिजिओथेरपी असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के रुग्णांना लक्षणीय बरे वाटले, दुसऱ्यातल्या ४४.२ टक्के, तिसऱ्यातल्या फक्त २७.४ टक्के. सुईवाले पहिला आणि तिसरा आकडा सांगतात. विवेकवादी मित्र पहिला आणि दुसरा सांगतात. तिन्ही आकडे एका दमात सांगणारे मला फार थोडे भेटले. एकत्र वाचले तर असे दिसते की सुई टोचून घेणाऱ्याला आराम पडतो, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त पडतो. पण सुई नेमक्या बिंदूवर टोचली की भलतीकडे याने फारसे बिघडत नाही. रुग्णाचा आराम खरा, डळमळतो तो भिंतीवरचा तक्ता.

पुढे ३९ चाचण्यांतल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये जे विश्लेषण झाले, त्यात खऱ्या सुयांचे पारडे लुटुपुटीच्या सुयांपेक्षा थोडे जड ठरले. कंबर, मान, गुडघा, जुनाट डोकेदुखी यांबाबत. अर्धशिशीचे झटके कमी होण्यास आणि मनगटाच्या आतल्या बाजूच्या एका बिंदूने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी होण्यास आधार आहे. सुई टोचल्यावर शरीर स्वतःची वेदनाशामके सोडते, हेही १९७० च्या दशकापासून प्रयोगांनी दाखवले आहे. म्हणजे झू लियनचा मज्जासंस्थेवरचा भर अगदीच वाया गेला नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर २००९ मध्ये सुचवले, २०१६ मध्ये काढून टाकले आणि २०२१ मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेसाठी पुन्हा विचारात घ्यायला सांगितले. यावरून वाद अजून चालू आहे एवढे कळते. मधुमेह, थायरॉइड, मूतखडा, वंध्यत्व यांच्यासाठी भिंतीवरची यादी जे बोलते ते बोलण्याइतका आधार या चाचण्यांत नाही. माझी कंबर? साठेक टक्के सुधारली. त्यातले किती सुईचे, किती रोज वीस मिनिटे निमूट पडून राहण्याचे आणि किती त्या डॉक्टर बाईंच्या आस्थेवाईक चौकशीचे, हे मला सांगता येणार नाही, आणि ज्यांना आपल्याबद्दल सांगता येते त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ॲक्युपंक्चरचा कायदा केला, परिषद आणि नोंदणीची व्यवस्था आणली. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१९ मध्ये ही स्वतंत्र उपचारपद्धती मानली. हे चांगले झाले असे मी मानतो. सुई निर्जंतुक आहे का, छातीवर टोचताना फुप्फुसाला भोक पडण्याचा धोका टोचणाऱ्याला ठाऊक आहे का, हे विचारायला आता कुणीतरी आहे. पण कायदा टोचणाऱ्याची नोंदणी करतो, भिंतीची करत नाही.

येनानमध्ये सुई आली ती औषध नव्हते म्हणून. बसूंनी ती कलकत्त्यात स्वस्त उपचार म्हणून चालवली. कोटणीस आणि सुई यांच्यात खरे नाते कुठले असेल तर ते एवढेच: नाकेबंदीतले, तुटपुंज्या साधनांचे, ज्यांना दुसरे काही मिळत नाही त्यांच्यासाठीचे वैद्यक. पामबीच रस्त्याच्या बाजूला आता हीच सुई ‘डिटॉक्स’च्या पॅकेजात मिळते, दहा बैठकींवर दोन मोफत. त्या पॅकेजच्या पत्रकावरही कोटणीस आहेत.

शेवटच्या बैठकीला मी डॉक्टर बाईंना तारखांचे हे सगळे सांगितले. त्यांनी सुया काढता काढता शांतपणे ऐकून घेतले. “बसूंचं नाव आम्हाला कोर्सला होतं सर,” त्या म्हणाल्या, “पण पेशंटना ते कोण ठाऊक असणार? फोटो तरी कुठे मिळतो त्यांचा?” मी मिळवून देतो म्हणालो. चीनमधल्या दिवसांच्या त्यांच्या रोजनिशीचे इंग्रजी पुस्तक आहे, त्यात बघू म्हटले. यादीबद्दलही मी काही बोलणार होतो, पण बाहेर तीन पेशंट बसले होते.